चार बोटं चिखल

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, देवापुढेसुद्धा तोंडाने बोललेलं नाही. मग तुम्हालाच का, असं विचाराल — तर खरंच ठाऊक नाही. तुम्ही आमच्या गावचे नाही, हे एक कारण असेल. दुसरं म्हणजे, ज्यांनी ऐकायला हवं होतं ती दोन्ही माणसं आता नाहीत. म्हणजे बघा, अजूनही सोयीचीच वेळ निवडली आहे मी.

मी शाळेत बाई होते. रेवदंड्याहून खाडीच्या कडेकडेने पायी तासभर गेलं की आमचं गाव, आणि गावच्याच शाळेत माझी नोकरी. मुलं दिवसातून दहादा म्हणायची, "बाई, माफ करा." पाटी विसरली — माफ करा. शेजारच्याचा चिमटा काढला — माफ करा. मी म्हणायचे, "जा, बस." झालं. पुस्तकात मात्र 'क्षमा' असायची. क्षमेचा अर्थ फळ्यावर लिहून देताना मी 'माफी' असंच लिहायचे, कारण आमच्या गावात क्षमा म्हणजे काय ते कोणाला कळलं नसतं. शेतसारा माफ होतो, फी माफ होते, बोललं-चाललं माफ होतं. क्षमा फक्त कीर्तनातले बुवा करायचे.

हे मी लांबण लावते आहे. कळतंय मला. वर्गातल्या पोरानं असं केलं असतं तर मी म्हटलं असतं, मुद्द्यावर ये.

आमच्याकडे भातशेती दोन तऱ्हेची. एक वरची, डोंगराकडची. आमची ती होती. दुसरी खालची, खाडीला बांध घालून मिळवलेली — तिला खार म्हणतात. अर्धं गाव खारीवर जगायचं. बांधाच्या एका बाजूला खाडीचं पाणी, दुसऱ्या बाजूला भात, आणि मधे दगडी दार. त्या दाराला आम्ही उघाडी म्हणतो. दाराच्या खाचांत लाकडी फळ्या बसवायच्या, फटींना चिखल दाबायचा. ओहोटीला फळी काढून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीच्या आधी फळी बंद. खारं पाणी एकदा आत आलं की उभं पीक जातं ते जातंच, पुढची दोन-तीन वर्षंही जमिनीत काही धड होत नाही. म्हणून उघाडीला राखणदार असतो, आणि त्याच्याशिवाय तिथल्या फळीला कोणी हात लावायचा नाही. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आमचा राखणदार इसुबचाचा. त्याच्या आधी त्याचा बाप राखणदार होता. उंच, किडकिडीत माणूस, लुंगी गुडघ्यावर खोचलेली, हात कोपरापर्यंत कायम चिखलाने पांढरट झालेले. मला लहानपणापासून 'बाय' म्हणायचा. मी नोकरीला लागले तरी बायच. उधाणाच्या दिवसांत तो फटींवर चांगला चार बोटं जाड चिखल दाबायचा आणि वरून तळव्याने थापून थापून गुळगुळीत करायचा. घरातली बाई चूल सारवते ना, तसा.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. मी एकोणीस वर्षांची, नोकरी नवी. कोजागिरीचा दिवस. भात निसवलं होतं, कणीस भरत आलं होतं. पुनवेचं उधाण दुपारी बाराच्या सुमाराला भरतं आणि सकाळी सहाला खाडी पार तळाला जाते. इसुबचाचाने आदल्या संध्याकाळीच फळ्या बसवून चिखल दाबून ठेवला होता. पाऊस गेला होता, बाहेर सोडण्याइतकं पाणी आत नव्हतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याला फळी काढायचंही काम नव्हतं.

मला कोळंबी खावीशी वाटली.

एवढंच. दुसरं काहीही नाही. घरी पाहुणे यायचे नव्हते, कोणी आजारी नव्हतं, डोहाळे नव्हते. उघाडीच्या आतल्या चरात कोळंबी साठते आणि ओहोटीला खालची फळी वीतभर उचलली की पाण्याबरोबर धावत बाहेर येते. लहानपणी पोरांना तसं चोरून करताना मी पाहिलं होतं. सकाळी साडेसहाला मी आईच्या जुन्या लुगड्याची झोळी घेऊन गेले. काठीने चिखल खरवडला, फळी उचलली, झोळी धरली. तांब्याभर कोळंबी मिळाली — चांगली, बोटाएवढी. मग फळी परत खाचेत टाकली. ती पुरती बसली नाही, हे मला दिसलं. चिखल लावायला हवा होता. चिखल तिथेच होता, माझ्या पायाखाली. तेवढ्यात शाळेची पहिली घंटा झाली. माझे पाय भरले होते, ते आधी धुवायला हवे होते. मी म्हटलं, भरतीच्या आधी इसुबचाचा एक फेरी मारतोच, तो लावेल.

तो आला होता फेरीला. पण चिखल त्यानेच दाबला होता ना? त्याने बांधावरून वाकून पाहिलं, फळी जागेवर दिसली, तो निघून गेला. आपण नीट केलेल्या कामाकडे माणूस किती वेळ बघत बसणार?

अकरा वाजता मी घरी आले. आईने कोळंबीचं कालवण केलं होतं. "कोठून आनलीस?" म्हणाली. मी म्हटलं, कोळणीने दिली. पोटभर जेवले. हात धुवायला मागल्या दारी गेले, तेव्हा खारीकडून ओरडा ऐकू आला.

दुपारच्या शाळेला मुलं आलीच नाहीत. सगळा गाव बांधावर. मीही गेले. पाणी शिरताना आवाज करत नाही, तुम्हाला माहीत आहे? भाताच्या लोंब्या फक्त हलत होत्या आणि बुटक्या होत होत्या. इसुबचाचा गळ्याइतक्या पाण्यात उतरून उघाडीच्या तोंडाला पाठ लावून उभा होता. पाणी त्याच्या दोन्ही बगलांतून आत जात होतं. फळी पार शेताच्या मध्यावर तरंगत होती. ती कशी निघाली हे सांगायला त्या फळीखेरीज कोणी नव्हतं. आणि मी.

देवळात बैठक बसली. तो ओल्या लुंगीनेच उभा राहिला. म्हणाला, "चिखल मीच दाबला हुता. चार बोटं हुता. निघाला म्हंजी माझ्याच हातात कमी पडला." मागून कोणीतरी म्हणालं, "कमी पडला का पाडला?" आणि दुसरं कोणी म्हणालं, "जावं की आता आपल्या मुलखात." त्या वर्षांत लोकांच्या तोंडी काय काय यायचं, ते सांगायला नको. मशिदीमागच्या आठ-दहा घरांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आमच्याबरोबर त्याच खाडीचं मीठ खात होती, पण त्या दिवशी त्यांचा मुलूख वेगळा झाला. इसुबचाचाने मान वर केली नाही.

मी बायकांत खांबाला टेकून उभी होते. शब्द ओठांवर येतात आणि परत जातात म्हणे. माझे निघालेच नाहीत. मला तेव्हा काही वाटलंही नाही — हे मला सांगायला हवं. छाती धडधडली नाही, घाम आला नाही. मी खांबावरचा चुना नखाने काढत होते. आज बोलले तर नोकरी जाईल, मग उद्या बोलू. उद्या बोलले तर काल का बोलली नाहीस म्हणतील. असं करत आठवडा गेला, मग पाऊस आला, मग वर्ष. भ्याले होते का? भ्यालेच असणार. पण भीतीसुद्धा मला धड आठवत नाही.

राखण त्याच्याकडून काढून घेतली. तो दुसऱ्यांच्या वाड्यांत नारळ पाडायला जाऊ लागला. खारीतली पाच घरं मुंबईला गेली, गिरणीत आणि गोदीत. त्यांखेरीज शेजारच्या जनीकाकूचा नवरा गणूकाका एकटाच गेला. जनीकाकू दोन मुलींना घेऊन मागे राहिली. दुसऱ्या वर्षी गोदीत पोत्यांची थप्पी अंगावर पडून गणूकाका गेला. तार आली ती वाचून दाखवायला मलाच बोलावलं होतं. मी वाचली. वाचताना आवाज कापला नाही. बायका म्हणाल्या, बाई किती धीराची.

सात-आठ वर्षं गेली. माझं लग्न झालं ते गावातच, म्हणून शाळा सुटली नाही. नवे पैसे येऊन थोडे दिवस झाले होते. इसुबचाचाचा मुलगा जहाजावर खलाशी होता. त्याने बापाला हाजला पाठवायचं ठरवलं. मुंबईहून जहाज सुटणार होतं. त्यांच्यात रीत अशी, की हाजला निघणाऱ्याने आधी घरोघर जायचं, बोललं-चाललं माफ करून घ्यायचं. कोणाचं काही ठेवून तिकडे जायचं नाही.

एका रविवारी तो माझ्या ओटीवर आला. बसला नाही, खांबाला धरून उभा राहिला. हातात कोऱ्या कार्डांचा जुडगा. "बाय, मुंबईला गेलेल्यांना कारडं लिवायची हायत. मी सांगतो तसं लिव."

मी दौत-टाक घेऊन बसले. तो बोलत गेला, मी लिहीत गेले. उघाडीची राखण माझ्याकडं होती. फळी माझ्या हातून ढिली राहिली. त्यामुळं तुमचं पीक गेलं, तुम्हाला गाव सोडावं लागलं. चूक माझी आहे. — एका कार्डावर, मग दुसऱ्यावर, अशी पाच वेळा. वळणदार अक्षरात. माझं अक्षर तालुक्यात नावाजलेलं होतं. 'चूक माझी आहे' हे मी जन्मात पाचदाच लिहिलं, आणि पाचही वेळा खाली अंगठा त्याचा होता.

शेवटी मी 'कृपया क्षमा असावी' असं लिहायला घेतलं. मोठ्याने वाचलं तर तो म्हणाला, "ह्यो कंचा शब्द?"

"माफीच. पुस्तकातली."

"नगं. माफ करा, असं लिव. त्यांना वाचून दाखवनारा कोन भेटंल कोन न्हाय. सगल्यांना कलंल असं लिव." मग म्हणाला, "अल्लाचं अल्ला बघंल, बाय. पन मानसाचं मानसानंच माफ करायचं आसतं. तितं वरसुद्धा कोनाचं चालत न्हाय. येक जरी ऱ्हायला तरी माझं जानं फुकट."

तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी. बरोबर आहे. तेव्हा तरी.

मी 'माफ करा' लिहिलं. शाई वाळवली.

पाचही उत्तरं आली. एकाने लिहिलं, चाचा, आम्ही कधीच विसरलो. दुसऱ्याने, माफ केलं, आमच्यासाठी तिकडे दुवा मागा. तो प्रत्येक कार्ड माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायचा आणि टोपीखाली ठेवायचा. गावातल्या घरांनीही माफ केलं — काहींनी मनापासून, काहींनी वर न बघता. देवळात 'आपल्या मुलखात जा' म्हणणाऱ्यानेही "सोडा हो चाचा" म्हणून चहा पाजला. राहिली एकटी जनीकाकू.

दोनदा तो तिच्या दारातून परत आला. तिसऱ्यांदा मला म्हणाला, "तू संग चल. मास्तरीनबायचा शब्द ती मोडनार न्हाय."

मी गेले. का गेले? जाऊ नये असं काही कारण सांगता येईना म्हणून गेले.

जनीकाकू अंगणात सुके बोंबील निवडत बसली होती. आम्हाला पाहून उठली नाही, पण हाकललंही नाही. इसुबचाचा तिच्यापासून चार हातांवर उकिडवा बसला. हात जोडले. म्हणाला, "जनीवयनी, माझं काय चुकलं असंल ते माफ कर. येवढा येक शबुद दे."

तिने बोंबलांची जुडी बाजूला ठेवली. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "दादा, मी तुज्यावर रागावले न्हाय. मना फकस्त येक सांग. फली निघाली कशी?"

त्याचे हात जोडलेलेच होते.

"चार बोटं चिखल हुता म्हनलास. तुजा चिखल मना म्हाईत हाय, पहारीनं सुद्धा लवकर निघायचा न्हाय. मग निघाली कशी? आठ वर्सं मी ह्याच इचारात हाय. भाकरी थापतानी इचार करते. तेवढं सांग, मंग माफ करते."

"ठाव न्हाय, वयनी," तो म्हणाला. "खुदाची आन, मनाच ठाव न्हाय."

"मंग मी माफ कशाचं करू?"

अहो, बाई बरोबर बोलत होती! जे झालं ते काय झालं, हे कळल्याशिवाय ते सोडून कसं द्यायचं? मी इतकी वर्षं पोरांना 'जा, बस' म्हणत होते. पण आधी विचारायचेच ना, काय केलंस ते सांग म्हणून? आणि ज्याला सांगता येत नव्हतं तो हात जोडून बसला होता, आणि जिला सांगता येत होतं ती त्याच्या बाजूला उभी होती, इस्त्रीच्या पातळात, हातात छत्री घेऊन. मधे फार तर दोन वाक्यं होती. फळी मी काढली, काकू. चिखल मी लावला नाही. त्याला माफी मिळाली असती — नाही, त्याला माफीची गरजच उरली नसती. तो मोकळा होऊन जहाजात बसला असता.

दोघंही माझ्याकडे बघत होती. मास्तरीणबाई आता काहीतरी बोलणार.

मी म्हणाले, "काकू, झालं गेलं गंगेला मिळालं. टाका माफ करून."

जनीकाकूने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग जुडी पुन्हा हातात घेतली. "तुजं काय गेलं हुतं, बाय?" म्हणाली. तेवढंच.

परतताना इसुबचाचाच मला समजावत होता. तिचं चुकत न्हाय म्हणाला. तिचा मानूस गेला. आमच्या फाटकाशी आल्यावर तो थांबला, हात जोडून म्हणाला, "बाय, तुला बी लहानपनी काय बोललो असंन, तर माफ कर."

मी म्हणाले, "माफ केलं, चाचा."

ऐकलंत ना? मी त्याला माफ केलं.

रेवदंड्याच्या बंदरावरून तो लाँचने गेला. गावातली माणसं पोचवायला गेली होती, मीही. गळ्यात हार, डोक्यावर नवी टोपी. सगळे हात हलवत होते, तो मात्र माणसांवरून नजर फिरवत होता. जनीकाकू आली का, ते बघत होता.

चार महिन्यांनी परत आला. आल्याबरोबर माझ्याकडे आला — तिकडच्या पवित्र विहिरीचं, झमझमचं पाणी आणि मूठभर खजूर घेऊन. "पयलं तुला. तुज्या अक्षरानं माझं काम झालं." मी ते पाणी त्याच्यासमोर प्यायले. पाण्यासारखंच लागलं. मग त्याने विचारलं, "जनीवयनी काय बोलली का?" मी म्हटलं, नाही. तो "बरं" म्हणाला.

पुढे पाच-सहा वर्षं जगला. हाजी झाला म्हणून त्याच्या लोकांत मान होता, पण तो स्वतः कोणी हाजी म्हटलं की गडबडायचा. एकदा मला म्हणाला, "पुरा झाला न्हाय माझा हाज." मी वह्या तपासत होते. "असं काही नसतं चाचा," म्हणाले, आणि पुढची वही घेतली. रोज शाळेत जाताना मला तो दिसायचा. एक रस्ता, त्यावर दोन माणसं, एवढी वर्षं. किती वेळा सांगता आलं असतं ते तुम्हीच मोजा. मी मोजत नाही.

तो गेला तेव्हा सकाळ होती. अंगणात जनाजा ठेवला होता. उचलायच्या आधी त्याच्या मुलाने रिवाजाप्रमाणे मोठ्याने म्हटलं, की माझ्या बापाने कोणाचं मन दुखवलं असेल, कोणाचं काही राहिलं असेल, तर त्यांनी आज माफ करावं. पुरुषमाणसं म्हणाली, माफ, माफ. आम्ही बायका रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. जनीकाकू माझ्या शेजारी. केस पांढरे झाले होते, पाठ वाकली होती. ती एवढ्या मोठ्याने बोलली, की अंगणातल्या लोकांनी माना वळवल्या.

"केलं रं माफ, दादा."

जनाजा वळणावरून दिसेनासा झाला. बायका पांगल्या. जनीकाकू तिथेच उभी राहिली, पदराने तोंड पुसलं, आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "पन फली निघाली कशी गं, बाय?"

मी म्हणाले, "ठाऊक नाही, काकू."

मग घंटा झाली, आणि मी शाळेत गेले.